लॅमिनेशनवरचा उजेड

आमच्या घरात एखादा कागद महत्त्वाचा ठरला की पप्पा त्याला लॅमिनेशन करून आणतात. मी मोबाइलवर हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा कोर्स पूर्ण केला, तेव्हा त्या सर्टिफिकेटची प्रिंट काढून तिचंही तेच झालं. "मोबाइलमधलं कोण बघणार? आता चहा सांडला तरी काही होणार नाही," पप्पा म्हणाले.

काल नोकरीच्या पहिल्या मुलाखतीत मी ते मुलाखत घेणाऱ्या मॅडमच्या हातात दिलं. लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचा उजेड असा पडला की त्यांना माझं नावच वाचता येईना. त्यांनी ते डावीकडे कलतं करून पाहिलं, मग उजवीकडे. माझा जीव उजेडाच्या त्या पांढऱ्या पट्ट्यात अडकला होता. शेवटी त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "हे बिल टाकून दाखव बरं."

माझी बोटं चालू लागली. परत परत पाहिलेले धडे त्यांना आठवत होते. कदाचित मी चुकत असेन, पण त्या कागदाचं काम मला या खुर्चीपर्यंत आणणं एवढंच असावं. तेही थोडं नाही. आमच्या घरातून ऑफिसातल्या खुर्चीपर्यंत याआधी कुणी पोचलं नव्हतं.

निरोप आठवडाभरात येईल. घरी आल्यावर पप्पांनी विचारलं, "सर्टिफिकेट दाखवलंस ना? काय म्हणाल्या?"

"त्यांना ते वाचताच आलं नाही, पप्पा."

त्यांचा चेहरा उतरला.

"मग मी करूनच दाखवलं."