माय मदर-इन-लॉ आर

"कितनी सासें हैं तुम्हारी?"

प्राचार्यांच्या खोलीत तिघं हसली. परीक्षा घेणारी मॅडम, स्वतः प्राचार्य आणि संस्थेचे एक ट्रस्टी. चौथी मी. हो, मीही हसले. पदर तोंडाला लावून, खी खी करून. तेव्हाची ती मी, ती बया आज भेटली तर कान पिरगाळीन तिचा.

उज्जैनला माधव नगरात आमची शाळा. चौदा वर्षं मी चौथीला गणित शिकवत होते, हिंदीतून. मग उदारीकरण आलं, टीव्हीवर ढीगभर चॅनेल आले, आणि संस्थेला वाटलं, आपणही इंग्लिश मीडियम व्हावं. सगळ्या बायांची इंग्रजीची लेव्हल काढायची, एक ते पाच. लेव्हल एक निघाली की वर्ग काढून घेणार. नर्सरीत जायचं, नाकं पुसायला. लेव्हल काढणार कोण? ट्रस्टींची सून. दिल्लीच्या कॉन्व्हेंटची, वय चोवीस. सासऱ्यांना 'आप', मला 'तुम'.

तयारी तर मी अशी केली की बस! टावर चौकातल्या ठेल्यावरून तीस दिवसांत इंग्रजी शिकवणारं पुस्तक आणलं. पोळ्या लाटता लाटता कुकरला ऐकवायचे, "माय मदर-इन-लॉ आर व्हेरी काइंड." सासूबाई बाहेरून ओरडायच्या, "अगं, मेले का मी, इतके गुण गातेस ते?"

पुस्तकात 'इज' होतं. पण मला ते बोलवेना. मांजर आली, सासूबाई आल्या. दोघींना एकच 'इज' कसं लावायचं? मी आपली अक्कल चालवली. मोठ्या माणसाला 'आर'. फार हुशार ना मी!

परीक्षेत पहिलंच वाक्य हे. मॅडमनी सासवा मोजल्या, सगळे हसले, मी थांबले. पुढची अकरा वाक्यं पाठ होती. एक बाहेर आलं नाही.

लेव्हल एक. यादी फाटकावर लावली. पालकांनी वाचावी म्हणून.

आणि मी काय केलं? "थँक्यू मॅडम" म्हटलं. गेले नर्सरीत.

चौथी मिळाली लेव्हल चारच्या एका मुलीला. गोड पोर, इंग्रजी फाडफाड. आठव्या दिवशी मधल्या सुट्टीत वह्यांचा गठ्ठा घेऊन माझ्याकडे आली.

"दीदी, एक बटा दो और एक बटा तीन जोड़ो, तो दो बटा पाँच ही आएगा ना? मैंने सबको सही दे दिया।"

चाळीस वह्या. अपूर्णांकांच्या चाळीस चुकीच्या बेरजा, उत्तर पाच छेद सहा हवं. प्रत्येकीवर बरोबरची लाल खूण. माझी मुलं. तिचा राग नाही आला. स्वतःचा आला. थँक्यू म्हणणाऱ्या त्या तोंडाचा.

त्याच आठवड्यात सहीचा कागद आला. 'मला माझी लेव्हल मान्य आहे.' प्राचार्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, आधी गुणांचा कागद दाखवा.

"तुम नहीं समझोगी," मॅडम म्हणाली. "इसका स्केल होता है।"

मी हात पुढे केला आणि टेबलावरचा कागद माझ्याकडे फिरवला. ग्रामर, फ्लुएन्सी, कॉन्फिडन्स. पाचपैकी दोन, दोन, दोन. बेरीज सहा. लेव्हल दोनला सात लागत होते. फ्लुएन्सीपुढे शेरा: थांबते. कॉन्फिडन्सपुढे: उगीच हसते.

"मैडम, गलती एक थी। ग्रामर में नंबर काटे, ठीक है। मैं रुकी, क्योंकि आप लोग हँसे। वो नंबर मेरे क्यों कटे?"

प्राचार्य म्हणाले, "बहनजी, साइन कर दीजिए। बात मत बढ़ाइए।"

नाही केली.

वर्ग परत मिळाला नाही. वर्ष संपलं तसं मला घरी बसवलं. गणिताची बाई कुठे गेली, असं एका पालकानं विचारलं नाही. ती चाळीस पोरं कदाचित अजून तशीच बेरीज करत असतील. हे मला आजही पचत नाही.

आता माझ्या नातवंडांना कुणी इंग्रजीची लेव्हल चिकटवली की मी स्वतः त्यांच्या ऑफिसात जाते. कशाचे किती कापले, दाखवा म्हणते. तिथली कामाला असलेली पोरं समजावतात, "अम्माजी, सब कंप्यूटर से होता है।" असू दे. कंप्यूटरनं का कापले ते सांगा. नाही सांगितलं तर मी खुर्ची ओढून बसते. तुमची कुलपं लावायची वेळ झाली तरी उठणार नाही.