डुबुकवाला भाऊ

दवाखान्यातून भाच्याचा फोन आला तेव्हा मी भाऊसाठी बिनमिठाची भाकरी थापत होते. "आत्या, आता डबा नको आणू," एवढंच तो बोलला. मला कळलं, तरी हातातली भाकरी मी तव्यावर टाकली, उलटली, डब्यात ठेवली... दुसरं काय करायचं ते सुचेना. त्याला आता सहा आठवडे होत आले.

माझा थोरला भाऊ प्रभाकर पाणीपुरवठा खात्यात पंप मेकॅनिक होता. आदिलाबादेत मात्र त्याला सगळे 'डुबुकवाला' म्हणूनच ओळखायचे. एका उन्हाळ्यात पोरांना घेऊन तो हैद्राबादचं वॉटर पार्क पाहून आला आणि ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाला, "आपल्या लेकरायनं पाण्यात खेळाले एवढ्या दूर काऊन जाव?" चार महिन्यांत नोकरी सोडून त्यानं गावाबाहेरच्या आमच्या कापसाच्या वावरात हौद बांधायला घेतला. काळी माती ती... पहिल्या पावसाळ्यात फुगली आणि हौद मधोमध तडकला. भाऊ दोन दिवस त्या भेगेजवळ बसून राहिला. मग पुरुषभर माती उपसून मुरूम भरला, पुन्हा बांधला, एक निळी फायबरची घसरगुंडी उभी केली आणि फाटकावर तेलुगू, हिंदी, मराठीत पाटी लावली : डुबुक वॉटर पार्क. मी नावाला हसले, तर म्हणाला, "शोभे, पाण्यात पडलं का कोन्त्याई भाषेत आवाज हाच येते."

बायका यायच्या, पण काठावर पदर सावरून, डबे सांभाळत बसायच्या. ते त्याला खुपायचं. त्यानं बुधवार फक्त बायकांचा केला. त्या दिवशी फाटक उघडल्यावर स्वतःही आत जात नसे. पहिल्या बुधवारी कोणीच पाण्यात उतरेना, तेव्हा आमची आई लुगड्यानिशी कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली आणि ओरडली, "या ना वं बायायनो, का मी एकटीच भिजू?" भाऊ फाटकाबाहेर उभा राहून आतला कालवा ऐकत होता. त्याचे डोळे भरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

पुढं भैंशाला दुसरं पार्क झालं. जिनिंगमध्ये दिवसभर कापसाच्या धुळीत काम करणारी माणसं सुटीच्या दिवशी तिथं लेकरांना घेऊन यायची. मग मंचेरियलला तिसरं, खाणकामगारांच्या वस्तीजवळ. भाऊ तिन्हीकडे आळीपाळीनं फिरायचा, पंप स्वतः उघडायचा. मग लॉकडाऊन आलं. ओळीनं दोन उन्हाळे फाटकं बंद राहिली. कोरडे हौद उन्हानं उलले, फायबर पांढरं पडलं. मंचेरियलची जागा मालकानं परत घेतली, भैंशाचं पार्क पुन्हा उघडलंच नाही. आदिलाबादचं तेवढं त्यानं कसंबसं सुरू ठेवलं.

त्याच धावपळीत त्याच्या मूत्रपिंडांनी हात टेकले. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसाला फक्त पाऊण लिटर पाणी, चहा-वरणासकट. वहिनी आधीच गेलेली, भाचा पार्कवर, म्हणून ते मोजायचं काम माझ्याकडे आलं. तो जीभ ओठांवरून फिरवत माझ्या हाताकडे बघत बसायचा. शेवटच्या दुपारी दवाखान्यात म्हणाला, "एक गिलास दे न, शोभे. पुरा एक गिलास."

"डॉक्टरनं नको म्हटलंय, भाऊ. सूज चढली आहे."

"तू बी पाणी मोजून राह्यली का मले?"

मी दोन चमचे पाणी त्याच्या जिभेवर घातलं. त्यानं तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला... डॉक्टर म्हणतात, मी केलं ते बरोबरच केलं. सगळेच तसं म्हणतात. कधी वाटतं, द्यायला हवं होतं. कधी वाटतं, दिलं असतं तर तेही रोज आठवलं असतं. यातून सुटका नाही.

भाऊ गेल्यापासून बंद असलेलं पार्क मागच्या रविवारी भाच्यानं पुन्हा उघडायचं ठरवलं आणि मला बोलावलं. लोक बाहेर ताटकळले होते, पण पहिल्या दिवसापासून तिथं काम करणारा सायन्ना फाटक उघडेना. विचारलं तर म्हणाला, "अक्का, सार इथं असले की रोज सकाळी आधी स्वतः घसरून बघायचे, नसले की मला सांगायचे. कुठं सांधा टोचतो का, लेकरांना लागेल का. त्याच्याशिवाय फाटक उघडलं नाही कधी." भाऊची ही सवय मला ठाऊकच नव्हती. कोण जाणे काय वाटलं, मीच जिना चढले. वर घसरगुंडीच्या तोंडाशी बसले, पायांवरून पाणी वाहत होतं. हात सोडायचा होता फक्त. पण कठडा काही सुटेना.

थोड्या वेळानं सायन्ना वर आला. "राहू द्या, अक्का," म्हणाला आणि माझ्या बाजूनं, अंगातल्या शर्टपँटनिशी, खाली गेला. जाताना दोन्ही तळवे सांध्यांवरून फिरवत गेला, सावकाश. हौदातून वर येऊन त्यानं फाटकाकडे हात केला. पोरं ओरडत आत शिरली. मी वरच होते, कठडा धरून.