विमानातला धूर

नणंदेला मुलगी झाली म्हणून आम्ही तिघं नागपूरहून विमानानं बंगळुरूला निघालो. सासूबाई विमानात पहिल्यांदाच बसत होत्या. त्यांचं आयुष्य तिगावजवळच्या संत्र्याच्या बागेत गेलेलं. माझा नवरा पांढुर्ण्यात सरकारी नोकरीत. चारचौघांत आई बोलायला लागली की त्याला लाज वाटायची.

विमान नीट उतरलं. धावपट्टीवरून हळूहळू जात असताना सासूबाईंनी मान वर केली.

"मोटर जळून राहिली," त्या म्हणाल्या.

"आई, इथं विहीर नाही," नवरा म्हणाला.

"अरे, वास येऊन राहिला ना."

"गप बस म्हटलं ना तुले."

त्या गप्प बसल्या. वास मलाही आला होता, विहिरीवरची मोटर जळाल्यावर येतो तसाच कडवट. पण मीही बोलले नाही.

दोनेक मिनिटांत आमच्या डोक्यावरच्या दिव्यांच्या पट्टीतून धूर निघाला. छताचं प्लास्टिक फुगलं, काळं पडलं, आणि फटीतून जाळ दिसला. छतामागची वायर घासून ठिणगी पडली होती, असं नंतर कळलं. एक हवाई सुंदरी आग विझवायचा सिलिंडर घेऊन धावत आली. विमान थांबलं. दारं उघडली. सामान तिथंच सोडा, असं बाकीच्या हवाई सुंदरी ओरडून सांगत होत्या.

नवरा वाटेच्या बाजूला बसला होता. त्यानं पायाशी ठेवलेली लॅपटॉपची बॅग उचलली आणि उभा राहिला. सासूबाईंचा पट्टा सुटत नव्हता. त्यांनी मागून त्याचा शर्ट धरला. त्यानं वळून त्यांची बोटं सोडवली, एकेक करून, आणि गर्दीत शिरला.

पट्टा मी सोडला. धुरातून त्यांना ओढत दारापर्यंत आणलं. खाली उतरायला रबरी घसरगुंडी लावली होती. ती पाहून त्या दाराला धरून बसल्या. मागून लोक रेटत होते. मी त्यांना ढकललं. खाली पडताना त्यांचं मनगट मोडलं. नवरा लांब गवतात उभा राहून फोनवर बोलत होता.

पांढुर्ण्याला परतल्यावर भेटायला माणसं येऊ लागली. सगळ्यांना तो एकच सांगायचा, "आईला उचलून आणलं म्हणून वाचली." चार दिवस मी ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी बैठकीत चहा दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "आई, तुम्हाला बाहेर कोणी आणलं, सांगा ना यांना."

त्यांनी प्लास्टरकडे पाहिलं. "माझ्या लेकानं," त्या म्हणाल्या. "हिनं तं मले ढकललं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. नवरा शांतपणे चहा पीत राहिला.

एका हातानं त्यांना वेणी घालता येत नव्हती. दुपारी मी फणी घेऊन त्यांच्या मागे बसले.

"काहून असं बोलल्या?"

त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर घेतला. मग म्हणाल्या, "तू सोडून गेली असती तं चार बायकाइले सांगतलं असतं. पोटचा सोडून गेला, हे कोणाले सांगू?"

मी फणीला जोरात हिसका दिला. त्यांची मान मागे आली, डोळ्यांत पाणी आलं. त्या काही म्हणाल्या नाहीत, म्हणून मी आणखी एक दिला. प्लास्टर निघेपर्यंत त्यांची वेणी रोज मीच घातली.