दोन माणसांची बोट

आजही आठवलं की माझं डोकं फिरतं. नव्वदच्या दशकात पिंपळनेरजवळच्या धरणावर आम्ही बोटीमागे दोरी धरून, एकाच स्कीवर, म्हणजे लांबट फळीवर, उभं राहून पाण्यावर घसरायचा खेळ सुरू केला. बोट मी मुद्दाम हलकी आणि बुटकी निवडली होती. बोट जड झाली की पाण्यात बसते, मागे लाट उठते आणि स्कीवरच्याला उभंच राहता येत नाही. म्हणून आत दोनच माणसं, एक चालवणारा आणि एक माझ्याकडे लक्ष ठेवणारा. स्कीवरचे रबरी बूट सूतसूतभर सरकवून पायाला बसवण्यात तर माझी अख्खी दुपार गेली होती.

आणि उद्घाटनाला काय झालं? नारळ फुटला आणि सरपंच बोटीत जाऊन बसले. ते बसले म्हणून उपसरपंच आबा बसले. आबा बसल्यावर सोसायटीच्या चेअरमन नानांना काठावर कसं ठेवायचं? हारांसकट सात जण चढले! मी पाण्यातून ओरडत होतो, "दोघंच! दोघंच!" पण चालवणाऱ्यानं इंजिन सुरू केलं. मोठ्या माणसांना उतरा कोण म्हणणार?

इंजिन नुसतं कण्हत राहिलं. मला ओंडक्यासारखं फरफटत नेलं. नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा मी दोरी सोडली.

काठावर आलो, तर हार सावरत नाना म्हणाले, "बोट चांगली शे भाऊ, मानूसच कच्चा शे."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. आणि तिथंच, माझ्या तोंडावर, माणूस बदलायचं ठरलं.