फोटोपुरता युनिफॉर्म

"रोझी टीचर गेल्या गं..." भावाचा फोन मस्कतला आला, त्याला दीड महिना झाला. मला जाता आलं नाही.

पापडीच्या आमच्या शाळेला परदेशातून मदत यायची. आम्हा कोळ्यांच्या एकेका पोरीची फी तिकडची एकेक बाई भरायची. नाताळाआधी आम्ही तिला पत्र लिहायचं, सोबत फोटो पाठवायचा. हे काम रोझी टीचरांकडे. फोटोसाठी कोरा युनिफॉर्म एकच. आळीपाळीने सगळ्या तोच घालायच्या. टीचर पाठीमागून कपड्यांचे चिमटे लावून तो मापाचा करायच्या. समोरून कसं, झ्याक!

आठवीत मी शाळा सोडली, आईबरोबर मासळी विकायला बसले. तरी नाताळाआधी शाळा चालवणाऱ्या साहेबांचा निरोप आला, फोटोला ये. माझं नाव यादीत तसंच होतं, माझ्या फीचे पैसेही येत होते. कुठे जात होते ते शेजारच्या उमेळे गावात चढणारा साहेबांचा बंगला सांगत होता. "तिकडून कोण बघायला येतंय? नाही म्हणालीस तर धाकटीचं नाव कापीन," ते म्हणाले. माझी धाकटी बहीण तिसरीत, वर्गात पहिली. मी मुकाट युनिफॉर्म चढवला.

टीचर चिमटे घेऊन मागे आल्या आणि थांबल्या.

"शाळेत येतेस?"

"नाय, टीचर."

"मग काढ तो. मासळीची पाटी घेऊन उभी राहा. पत्रातही खरं तेच लिही."

"धाकटीचं नाव..."

"पत्र तू लिही, तिकीट मी लावते. भ्यायचं काम माझ्याकडे."

माणिकपूरच्या पोस्टात त्यांनी ते स्वतः टाकलं. चौकशी झाली, साहेबांना काढलं. टीचरांचीही नोकरी गेली. मदत वर्षभर थांबली; तेवढं वर्ष धाकटी टीचरांच्या ओट्यावर शिकली.

माझ्यामुळे टीचरांची नोकरी गेली, ही टोचणी मला मस्कतपर्यंत पुरली. एकदा सुट्टीत गावी गेले तेव्हा बोलून दाखवलं. टीचर कपडे वाळत घालत होत्या. "येडे, तिकीट कोणी लावलं होतं?" म्हणाल्या, आणि हातातला एक चिमटा मला दिला.

धाकटी आज त्याच शाळेत शिकवते. मी छापायला दिलेलं हेही तीच आईला वाचून दाखवील. म्हणून, आई, ऐक... मी ऑफिसात नाही. एका घरी स्वयंपाक आणि धुणीभांडी करते. तुला पाठवलेल्या फोटोतला तो भारी ड्रेस मालकिणीचा होता.

या कागदांना टीचरांचा चिमटा लावलाय. तो काढून ठेवते. पाकिटाला तिकीट मीच लावलंय.