जर्मन गाडीचा भाव

गुलमंडीमागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान होतं. समोर राहणारे म्हातारे चाचा शिलाईकाम करायचे. त्यांच्या वडिलांची जुनी जर्मन मोटार दारात बंद पडून होती, तरी ते ती रोज पुसायचे. आधी आरसे, मग काचा, शेवटी चाकं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा पुण्याहून गाडीला एक गिऱ्हाईक आलं. "चालू करून दाखवा, चांगला भाव देतो," म्हणालं. चाचांनी शिलाईच्या दोन्ही मशिनी विकून परदेशातून गाडीचा पेट्रोल-पंप मागवला. पंप यायला सगळा पावसाळा गेला आणि तोवर त्या माणसानं दुसरी गाडी घेतली होती.

मी म्हणालो, "आता तरी काढून टाका, चाचा."

ते फडकं पिळत म्हणाले, "विकायला गेलो तर लोखंडाचा भाव येतो, आन् ठेवली तर घर खाती. तुम्हीच सांगा, काय करू?"



दिवाळीनंतर चाचांनीच बोलावलेले भंगारवाले गाडी कापायला आले. एकानं गाडीत डोकावून तिचं दार धाडकन लावलं. ओट्यावर बसलेले चाचा दचकले.

"आहिस्ता लावा, भाई," ते म्हणाले आणि घरात निघून गेले.