बाईंची काळी तीन

आमच्या गाण्याच्या बाई मासळी बाजारात मुक्या असत. सरंगा हवा असला की त्याच्याकडे बोट, नको असला की नुसती मान. मालवणच्या बाजारात तोंड न उघडता मासे घ्यायचे म्हणजे काय, ते तिथल्या माणसाला वेगळं सांगायला नको. नव्या मासेवालीला वाटे, बाई शिष्ट आहे. आमची नेहमीची मासेवाली मात्र दोन्ही बाजूंनी एकटीच भाव करी. स्वतःच चढा भाव सांगायची, स्वतःच "जास्त वाटता? बरां, तुमच्यासाठी कमी करतंय," म्हणायची आणि शेवटी स्वतःच हरायची. वर कुरकुरायची, "एकदा तरी भांडा माझ्यावांगडा, बाईनू. असो धंदो करूक बरां वाटणा नाय."

बाई हसत. घरी आल्यावर मला म्हणत, "बाजारात घालवलेलो आवाज परत गावणा नाय गो."

मी त्यांची शाळेपासूनची विद्यार्थिनी आणि पुढे क्लासातली मदतनीस. त्या हल्ली गोव्यात भाचीकडे असतात. मी सावंतवाडीत गाणंच शिकवते. संध्याकाळी घसा खरवडल्यासारखा होतो, मग चहा करायचाही कंटाळा येतो, आणि बाई आठवतात.

गाणाऱ्या माणसाला आमच्याकडे मान भरपूर. पण बाईंचं घर चाले ते शिकवण्यावर. सकाळी देवबागहून एसटीने येणाऱ्या मुली, दुपारी परीक्षेला बसलेल्या, संध्याकाळी मोबाईलवर मुंबईची पोरं. मोबाईलवर सूर उशिरा पोचतो. इकडे बाई 'ग'वर आल्या की तिकडून 'सा' ऐकू येई. बाई कपाळाला हात लावून पुन्हा 'सा'वर जात. एकदा एक होमस्टेवाला आला. म्हणाला, "पावणे जेवतत तेव्हा दोन गाणी म्हणा, बाईनू. गोव्यात असतां तसां." बाईंनी त्याला सरळ नाही म्हटलं, आणि त्याच्या मुलीला मात्र शिकवायला घेतलं. आला होता बाईंची गाणी न्यायला, गेला मुलीला क्लासात घालून; हा सौदा त्याला आजही कळला नसेल.

बाईंचा स्वतःचा गळा काळी तीनचा. पेटीवरच्या त्या पट्टीपासून सूर धरला की त्यांचा आवाज भरून यायचा, खालच्या सुरांत तर फारच. पण मुलींची पट्टी काळी पाच, चांगली वरची. बरेच मास्तर आपल्या पट्टीत गातात आणि पोरं कशीबशी मागून येतात. बाईंना ते पटत नसे. "त्येंचो गळो कोवळो आसा. तेका माझ्या पट्टीत कित्याक मारूचो?" म्हणून दिवसभर त्या मुलींच्या पट्टीत, गळा ताणून गात. त्यांनी एक ओळ म्हणायची आणि थांबायचं. त्या थांबल्या की मुलींनी तीच ओळ उचलायची, ही क्लासची रीत. ती इतकी अंगात मुरलेली की बाई शिंकायला थांबल्या तरी मुली गायला लागत.

बाईंच्या गावच्या देवळात सप्ताह असतो. एकेका वाडीने पाळीपाळीने भजन चालू ठेवायचं. बाईंच्या वाडीची पाळी दुपारची, आणि गायला नेहमी पुरुषच. एका वर्षी वाडीतली माणसं आपण होऊन आली. "यंदा पयलो अभंग तुमचो, बाईनू." त्या दिवशी बाई अंगणात उगीचच फिरत होत्या. मला म्हणाल्या, "ह्या गळ्यात अजून एक गाणा आसा गो. ता एकदा माका गावन घेवचा आसा. माझ्यासाठी."

त्यासाठी सप्ताहाआधी क्लास बंद ठेवायचं ठरलं. पण परीक्षा तोंडावर आलेली. पालक दारात उभे राहिले आणि बाईंना नाही म्हणता आलं नाही. आदल्या दिवसापर्यंत त्या काळी पाचमध्येच ओरडत होत्या.

पाळीला देऊळ भरलेलं होतं. बाई पेटीवर बसल्या, मी मागे टाळ घेऊन. क्लासच्या मुली हौसेने अगदी पुढे बसलेल्या. बाईंनी समोर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात सवयीने काळी पाचवर गेला. काळी तीनला मृदंग लावून बसलेल्या मृदंगवाल्याने दचकून माझ्याकडे बघितलं. बाईंनाही कळलं असणार, कारण त्यांचे खांदे आखडले. पण भरल्या देवळात सुरुवात मोडायची कशी? त्यांनी तसंच रेटलं. अंतऱ्याला वरच्या 'सा'वर आवाज फाटला. बाई थांबल्या.

आणि बाई थांबल्या म्हटल्यावर पुढच्या सगळ्या मुलींनी ती ओळ उचलली. स्वच्छ, सुरात, त्यांच्याच पट्टीत. बाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग डावा हात भात्यावर ठेवून उजव्या हाताच्या बोटाने त्या हरकती दाखवू लागल्या, क्लासात दाखवत तशा. अख्खा अभंग मुलींनी म्हटला. देवळात वाहवा झाली. "काय चेडवां तयार केल्यानी बाईंनी!" जो तो सांगायला येत होता. बाई सगळ्यांना हात जोडत होत्या.

घराकडे येताना त्या एवढंच म्हणाल्या, "आज माका गावचा होता गो." मला रडू आलं. बाईंना नाही आलं.

सप्ताह संपल्यावर पहिल्यांदा मासळीला गेलो, तेव्हा मासेवालीने सवयीने आपलं दोन्ही बाजूंचं बोलणं सुरू केलं. बाईंनी तिला मध्येच तोडलं.

"सरंगो कसो दिलंस?"

मासेवालीने हातातला सरंगा खाली ठेवला. इतकी वर्षं ती ज्याची वाट बघत होती ते समोर आलं, तर तिला भाव सांगवेना. "तसोच घेवन जावा, बाईनू," ती हळूच म्हणाली.

पण बाई सोडेनात. सरंगा उलटापालटा करून, हा शिळा आहे, हा लहान आहे, असं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने त्या भांडत राहिल्या. मी पिशवी धरून बाजूला उभी होते. आवाज काळी तीनचा लागला होता.